बन्यांना दिलेलं माप

अक्षय तृतीया, सकाळी अकरा. तुझ्या वर्कशॉपची पडवी. रक्कम दोन लाख चाळीस हजार, चेकने. हजर माणसं चार: तू, मी, वहिनी आणि आमचे हे. मी हे तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं, तेव्हा तू हसलास. "बाय, तू देवळात घंटा वाजवलीस तरी गुरवाकडे पावती मागशील," म्हणालास.

भाई, तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. लोक येतात, दोन शब्द चांगले बोलतात, मी चहा देते. तू कुठे शिकलास, किती बोटींची इंजिनं दुरुस्त केलीस, कुणाला फुकट पंप बसवून दिलास, हे सगळं ते सांगतात आणि ते खरंच आहे. मला मात्र तुझ्याशी एका आकड्याबद्दल बोलायचं आहे. तू होतास तेव्हा हा विषय निघाला की "चहा टाक गो" म्हणून तू उठायचास. आता उठता येणार नाही.

आधी यंत्राबद्दल. ज्यांनी ओले काजूगर फक्त बाजारात शेकड्याने विकत घेतले आहेत, त्यांना ते काढतात कसे हे माहीत नसतं. हिरवी बी उभी चिरायची, आतला गर अख्खा सोडवायचा. टरफलातला चीक बोटांना लागतो, कातडी भाजल्यासारखी काळी पडते आणि मग सोलून निघते. आई बोटांना राख लावून बसायची. दुसऱ्यांच्या बागेतल्या बिया, शेकड्यामागे ठरलेली मजुरी. फाल्गुन-चैत्रात ती आपल्याला हाताने भरवत नसे. त्या दोन महिन्यांत तिने कधी माझ्या तोंडावरून हात फिरवल्याचं मला आठवत नाही. तुलाही आठवत नव्हतं. ज्याने हे भोगलं नाही त्याला सुचत नाही ते तुला त्यातून सुचलं.

तू ते यंत्र मला पहिल्यांदा दाखवलंस ते चैत्रात, त्या अक्षय तृतीयेच्या आधी. लाकडी पाटावर बसवलेला एक दांडा, एक पातं आणि पात्याखाली एक वाटी. वाटीत बी टाकायची आणि दांडा ओढायचा. टरफल दोन बाजूंना उघडायचं आणि मधे पांढरा गर. सगळी करामत वाटीत होती. तिचा तळ किती उतरता ठेवायचा हे सापडायला तुला तीन हंगाम लागले. नेमक्या उतारावर बी आपसूक कुशीवर वळते आणि पातं तिच्या शिवणीवर बसतं. तो उतार बावीस अंशांचा. हो, मी लिहिलं. ज्याला यंत्र करायचं असेल त्याने खुशाल करावं.

त्या दिवशी मी पन्नास बिया मोजून तुझ्यापुढे ठेवल्या आणि घड्याळ लावलं. सात मिनिटं, शेहेचाळीस गर अख्खे. वहिनीने शेजारी बसून हाताने पन्नास काढल्या. तिला चौदा मिनिटं लागली, एक्केचाळीस अख्खे निघाले आणि दोन बोटं काळी झाली. मी आकडे दोनदा तपासले. मला तुझा अभिमान वाटला, पण आपल्या घरात तसं बोलून दाखवायची पद्धत नाही. म्हणून मी ठेव मोडली.

अटी दोनच घातल्या. खर्चाच्या पावत्या ठेवायच्या, आणि दोन हंगामांच्या आत भागीदार शोधायचा. ज्याच्याकडे शेड आहे, चार माणसं आहेत, बाजारात ओळख आहे असा. कारण तू एकटा वर्षाला फार तर चार यंत्रं करणार, आणि चार यंत्रांनी कुणाची बोटं वाचत नाहीत. तू म्हणालास, "भागीदार काय, मिळेल. वस्तू खरी आहे." आमचे हे म्हणाले, "वस्तू खरी आहे भाई, पण दाखवायला लागेल." ते सहज बोलले होते. पुढे तेच खरं झालं.

पावत्या तू ठेवल्यास. बिस्किटांच्या डब्यात, तारखेप्रमाणे. स्टीलचा नमुना, मोटर, येणंजाणं, वकिलाची फी. बेरीज केली तर रुपयाचा फरक नव्हता. पतसंस्थेच्या काउंटरवर माझी अठरा वर्षं गेली आहेत, इतका चोख डबा मी कुणाचा बघितला नाही. पैशात तू सरळ होतास. हे मी आधी लिहिते आहे, कारण मापात नव्हतास.

आपल्याकडे कलमाला आंबा किती धरलाय हे कुणी खरं सांगत नाही. फांदी वाकलेली समोर दिसत असते, तरी मालक म्हणतो, यंदा काही खरं नाही. पेट्या किती गेल्या विचारलं तर, चाललंय आपलं. दृष्ट लागेल, दलाल भाव पाडेल, भाऊबंद हिस्सा मागायला येतील. कारणं पुष्कळ आणि सगळी थोडीथोडी खरी. आपल्या आप्पांनी पाण्याची जागा चारचौघांत सांगितली आणि शेजाऱ्याने तिथेच आधी विहीर पाडली, ही गोष्ट तर आपण दोघं भाताबरोबर जेवलो आहोत. आंब्याच्या बाबतीत ही सवय खपून जाते, कारण आंबा शेवटी पेटीत दिसतोच. भागीदाराला मात्र 'चाललंय आपलं' सांगून भागत नाही.

तू नव्या नमुन्याच्या वाटीवर पत्र्याची पेटी बसवलीस आणि ती रिवेट मारून बंद केलीस. वरून बी जाते, खालून गर येतो, मधे काय होतं ते देव जाणे आणि तू जाणे. असं ते झाकलेलं यंत्र गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आपण दोघं दापोलीला गेलो. ते गृहस्थ कोकम सरबताचे कारखानदार. माणूस मोकळा, आपल्याला आधी जेवायला वाढलं. मग यंत्र बघितलं, दहा बिया काढल्या, खूश झाले.

"छान आहे. आता हे झाकण काढा, आतलं बघू."

"आधी सह्या होऊ देत," तू म्हणालास.

"अहो, न बघता कशावर सह्या करू?"

"चालतंय ते बघितलंत ना?"

"चालतंय. पण उद्या बंद पडलं तर दुरुस्त कोण करणार? प्रत्येक वेळी रत्नागिरीहून तुम्हाला बोलावू?"

"येईन की. एसटी आहे."

ते हसले, मी हसले, तू हसला नाहीस. परतीच्या गाडीत तू म्हणालास, "बघितलंस? किती उत्सुक होता झाकणाला. हात शिवशिवत होते त्याचे." मी म्हटलं, "भाई, जो यंत्र विकत घेणार तो झाकण उघडून बघणारच."

अशा पाच जणांकडे आपण गेलो. पाचही ठिकाणी यंत्र आवडलं, पाचही ठिकाणी झाकणाशी गाडं अडलं. वकिलाकडे गेलो पेटंटसाठी. तो म्हणाला, सगळं लिहून द्या, आकृतीसकट. तू विचारलंस, "ते कागद मग कोण बघतं?" तो म्हणाला, कालांतराने कुणीही बघू शकतो, तसाच नियम आहे. तू फी दिलीस, पावती घेतलीस आणि उठलास. जिन्यात म्हणालास, "चोरी होऊ नये म्हणून चोरालाच वाचून दाखवायचं!" आमचे हे घरी म्हणाले, "तुझा भाऊ वर शोधायला निघालाय आणि अंतरपाट खाली घ्यायला तयार नाही." मी ते तुला सांगितलं. तू आठ दिवस यांच्याशी बोलला नाहीस.

मग पुढच्या चैत्रात बने भेटले.

मिरजोळ्याला त्यांची शेड. गेट, ग्रिल, बोटींचे सांगाडे, आंब्याच्या गाळ्यांतले रॅक, काय म्हणाल ते. बुटका माणूस, कानावर पेन्सिल, बोलताना समोरच्या वस्तूला हात लावून बघायची सवय. तू यंत्र टेबलावर ठेवलंस आणि नेहमीसारखा झाकणाच्या बाजूने उभा राहिलास. बन्यांनी झाकणाकडे बघितलंसुद्धा नाही. बी टाकली, दांडा ओढला, खाली आलेला गर उचलला आणि तोंडात टाकला.

"गोड आहे," ते म्हणाले. "आत काय आहे ते तुमचं. मला हे बनवायला आवडेल."

मला त्याच क्षणी कळलं की हाच माणूस. तुलाही कळलं असणार, कारण तू पहिल्यांदा त्या टेबलाशी बसलास.

बन्यांचं म्हणणं सरळ होतं. वाटी आणि पात्याची चौकट साच्यात काढायची, म्हणजे प्रत्येक यंत्र सारखं येईल. साच्याची डाय ते स्वतःच्या खर्चाने करणार. पहिल्या दहा यंत्रांची मेहनतही त्यांची. डायचा खर्च निघाला की पुढे नफ्यात सत्तर टक्के तुझे, तीस त्यांचे. मी म्हटलं, लिहून काढूया. बने म्हणाले, "लिहा की ताई. मला वाचता येतं." तू म्हणालास, "कागद नंतर. आधी वस्तू होऊ दे." मी तुझ्याकडे बघितलं. वर्षभर 'आधी सह्या, मग वस्तू' म्हणणारा तू. मला बरं वाटलं. वाटलं, भाईने एकदाचा कुणावर तरी भरवसा टाकला.

दिवाळीच्या आधी त्यांना ड्रॉइंग द्यायचं ठरलं. तुझा एक आणि सात सारखाच दिसतो, म्हणून मापं मी स्वच्छ अक्षरात लिहून काढणार होते. तू तुझा कागद दिलास, मी लिहायला बसले. एकोणीस मापं होती. सवयीप्रमाणे प्रत्येक माप तुझ्या जुन्या वहीशी ताडून बघितलं. अठरा जुळली.

"भाई, वाटीचा उतार चुकलाय. वहीत बावीस आहे, इथे तू सत्तावीस लिहिलंयस."

"चुकला नाही."

"म्हणजे? वाढवलास?"

"वहीत बावीसच आहे. बाहेर जाणाऱ्या कागदावर सत्तावीस."

मला समजायला वेळ लागला. तू खुर्ची ओढून समजावून सांगायला बसलास, लहानपणी गणित समजवायचास तसा. बने आधी एक नमुना करतील. तो चालणार नाही. मग ते तुझ्याकडे येतील. तेव्हा तू करार पुढे ठेवशील, सही घेशील आणि खरं माप सांगशील. "म्हणजे काय, गरज त्याला राहील. आणि त्याच्या मनात पाप असेल तर घेऊन बसू दे सत्तावीस."

"आणि पाप नसेल तर?"

"नसेल तर एक नमुना फुकट गेला. पाच-सात हजारांचा. तो मी देईन."

मी वाद घातला. बराच घातला, वहिनी दोनदा बघून गेली. मी म्हटलं, या माणसाने झाकणसुद्धा उघडायला सांगितलं नाही. तू म्हणालास, "तेच तर. इतका साधा माणूस असतो का कुठे?" मी म्हटलं, आईला कुणी बिया कमी मोजून फसवलं की तू किती चिडायचास. तू म्हणालास, "म्हणूनच सांगतो, आपण मोजून द्यावं." शेवटी मी पेन उचललं. सत्तावीस मी लिहिलं, भाई. दोन आणि सात, सुवाच्य, माझ्या हाताने. तू लिहिलं असतंस तर निदान कुणी एकवीस वाचलं असतं, आणि काही तरी विचारायला आलं असतं.

तुझ्या हिशेबात एकच गोष्ट धरलेली नव्हती. बने तुझ्यावर विश्वास ठेवतील, ही. त्यांनी नमुना केलाच नाही. हंगाम गाठायचा होता आणि मापं तुझी होती, तीन हंगाम घासून काढलेली. मग नमुना कशाला? त्यांनी थेट डाय करायला टाकली. एक लाख पंच्याऐंशी हजार. आपल्याला कळलं तेव्हा डाय तयार होऊन शेडमध्ये आली होती. त्या रात्री मी तुला फोन केला. "आता तरी सांग." तू म्हणालास, "बघू, कदाचित सत्तावीसलाही चालेल." तुला माहीत होतं चालणार नाही. तीन हंगाम तू तेच तर बघितलं होतंस.

फाल्गुनात बन्यांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. दहा यंत्रं ओळीने मांडलेली, हिरव्या रंगाची, प्रत्येकाला झेंडूची माळ. बन्यांच्या बायकोने पेढे आणले होते. गुहागरहून मीनलताई आल्या होत्या. ओले गर मुंबईला पाठवायचा त्यांचा धंदा, हाताखाली पन्नासेक बायका. पंचवीस यंत्रं घ्यायची त्यांची तयारी होती, नारळही त्यांच्याच हातून फोडला. एकूण बारा माणसं होती. तू मागे भिंतीला टेकून उभा होतास. मी तुझ्याकडे बघत होते. अजून वेळ होता. एका वाक्याचा वेळ.

पहिली बी टाकली. गर मधोमध कापून आला. बने म्हणाले, नवीन पातं आहे, बसेल. दुसरी, तिसरी. दुसरं यंत्र, तिसरं यंत्र. मी न ठरवता मोजत होते. पन्नास बियांत तेहेतीस गर तुटले. मीनलताईंनी तुकडे तळहातावर घेतले आणि म्हणाल्या, "यापेक्षा माझ्या बायका दाताने अख्खे काढतील हो." लोक हसले. त्या वाईट नव्हत्या, पंचवीस यंत्रांचे पैसे घेऊन आल्या होत्या.

बने हसले नाहीत. त्यांनी मोजमापाची हत्यारं आणली, वाटी खोलली आणि गुडघ्यावर बसून एकेक माप घ्यायला लागले. कपाळावर घाम. मग माझा कागद खिशातून काढला, मांडीवर पसरला, आणि वर बघून मला विचारलं. तुला नाही, मला.

"ताई, आकडे तुम्ही लिहिलेत. तुम्ही बघा. माझं काही चुकलंय का?"

मी वाकून बघितलं. बघायची गरज नव्हती. मी म्हटलं, "तुमची मापं कागदाप्रमाणेच आहेत."

शब्द न् शब्द खरा. आयुष्यात इतकं मोठं खोटं मी बोललेली नाही.

आणि मग तू भिंतीजवळून म्हणालास, "माल थंड होताना केसभर वाकला असेल, मापात सापडायचं नाही. कामात होतं कधीकधी." बन्यांनी मान हलवली. तुझं म्हणणं त्यांना पटलं. चूक त्यांनी उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि तू ती घेऊ दिलीस.

रिक्षात मी विचारलं, "का नाही बोललास?" तू म्हणालास, "बारा माणसांत? मी खोटं माप दिलं म्हणून सांगू?" मी म्हटलं, "बारा माणसांत त्यांची अब्रू गेली." तू म्हणालास, "त्याची परत येईल. त्याचा धंदा आहे. माझ्याकडे एवढं एकच आहे." हे वाक्य मी अजून विसरलेली नाही. तुला चोर वाटत होती ती सगळी माणसं यंत्र करणारी होती, भाई. तू मात्र ते जपायला निघालास आणि ते घडूच दिलं नाहीस.

त्यानंतर पाच महिने आपण बोललो नाही. गौरीला तू मला न्यायला आलास, स्कूटर घेऊन, दरवर्षीसारखा. दारात उभा राहून म्हणालास, "चल गो, गौर खोळंबलीय." मी आले. वाटेत, मागे बसून, तुझ्या पाठीला विचारलं, "बन्यांना सांगितलंस?"

"दिवाळीनंतर सांगतो."

"मी सांगू?"

स्कूटर थांबवलीस. मागे न बघता म्हणालास, "तू सांगितलंस तर मी तुझा भाऊ नाही."

हिशेब सोपा होता. एका बाजूला बने, एका बाजूला भाऊ. मी भाऊ ठेवला. दोन महिन्यांनी कार्तिकात तोही गेला, सकाळी दाढी करता करता. वाटीचं माप कुणाला न सांगता, मी सोडून.

तरी खोटं कशाला बोलू, तुझी आठवण येते. वर्कशॉपच्या दारात तेलाचा वास आला की येते. माझ्या लग्नात वऱ्हाडाची गाडी बंद पडली तेव्हा नवरीच्या भावाने सदरा काढून गाडीखाली झोपून ती चालू केली होती, ते आठवतं. माझ्या घरातला एकही नळ तू गळू दिला नाहीस. यांच्या आजारपणात रोज संध्याकाळी येऊन तू नुसता बसायचास, न बोलता, आणि जाताना फळं ठेवून जायचास, सालं सोलून, चिरून. हे सगळं तुझंच आहे. सत्तावीसही तुझंच आहे. मला यातून एक वजा करून दुसरं उरवता येत नाही.

स्मशानात बने आले होते. लाकडांची व्यवस्था त्यांनीच केली, मला नंतर कळलं. तिथे कुणीतरी यंत्राचा विषय काढला, आणि मी माझ्या कानांनी ऐकलं. बने म्हणाले, "कल्पना सोन्यासारखी होती भाईंची. माझ्या हाताला यश नव्हतं."

तेराव्यानंतर मी वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला तर त्यांनी ती वाटीसुद्धा कधी उघडून दाखवली नाही गो. घरात होती, तरी." तिने दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपमधली तुझी लेथ विकून टाकायला माणूस बोलावला. मी म्हटलं, घाई नको. ती म्हणाली, "ताई, घाई नाही. उशीर झालाय."

परवा आम्ही दोघी मिरजोळ्याला गेलो. बने ग्राइंडरवर होते. आम्हाला बघून त्यांनी तो बंद केला, खुर्च्या पुसल्या. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. वही, ड्रॉइंग, सत्तावीस, मी लिहिलेलं, मी त्या दिवशी दिलेलं उत्तर. काही सोडलं नाही.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, हातात धरली, परत कानावर ठेवली.

"म्हणजे माझा हात चुकला नव्हता."

"नाही."

"डाय बरोबर होती."

"कागदाप्रमाणे तंतोतंत."

"आठ महिने मी नुसत्या ग्रिल केल्या, ताई," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "मापाचं काम आलं की दुसऱ्याकडे पाठवलं. माझी नजर गेली असं वाटायचं मला. डोळे तपासून आलो दोनदा."

वहिनी रडायला लागली. मी रडले नाही, मला तो हक्क नव्हता. मी पिशवीतून तुझी वही काढली. म्हटलं, "खरं माप यात आहे. तुम्हीच करा आता हे. सगळं तुमचं. सत्तर-तीस काही नको."

बन्यांनी हात वर केला. "नको. उघडू नका ती वही. डाय मी आषाढात भंगारात घातली, परत एवढे पैसे घालायची ताकद नाही. आणि उद्या माझ्याकडून चांगलं यंत्र निघालं, तर हीच गावातली माणसं म्हणतील, मेलेल्याचं चोरलं बन्यांनी. भाईंना तेच वाटत होतं ना?"

मी वही परत पिशवीत ठेवली.

"पैसे घेतो मात्र," ते म्हणाले. "नको म्हणण्याइतका मी मोठा नाही." मी एक लाख पंच्याऐंशी हजारांचा चेक पुढे केला. त्यांनी बघितला आणि परत दिला. "यातून भंगाराचे आलेले वजा करा. अकरा हजार चारशे आले होते. पावती आहे माझ्याकडे." ते कपाटाकडे गेले आणि ती पावती शोधून घेऊन आले. मी तो चेक फाडला आणि दुसरा लिहिला.

लेथचे वहिनीचे एक लाख पस्तीस हजार, माझे अडतीस हजार सहाशे. एकूण एक लाख त्र्याहत्तर हजार सहाशे, बने यांना दिले.